‘भूकंपा’वरची रेघ

४ फेब्रुवारी

वन्सं,

चष्मा शोधा, बूड टेकवा आणि मग वाचायला घ्या. आपल्या ठसा मंडळाला स्वतःची जागा मिळाली!

वाचनालयाच्या तळघरातून सुटलो एकदाचे. दर वेळी शाई, रोलर, लिनोवर कोरलेले ठसे पेटीतून काढायचे, आणि वर ग्रंथपाल खाकरला की सगळं पुन्हा पेटीत कोंबायचं. तुम्ही त्याचं नाव ‘खोकला’ ठेवलं होतंत ना? त्याला सांगितलं आम्ही चाललो, तर बिचारा खोकायचंच विसरला.

कोपऱ्यावरची ती बंद पडलेली लॉन्ड्री घेतलीय भाड्यानं. मागच्या खोलीत कोरायचं, छापायचं. पुढच्या काचेच्या खोलीत चित्रं लावायची, मार्चमध्ये उद्घाटन. तिला गॅलरी म्हणायचं, मास्तरीणबाईंचा हुकूम आहे. मी चुकून दुकान म्हणाले तर अशा बघायला लागल्या, जसं काही मी त्यांच्या चहात शाई ओतली. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, पण बाईंच्या हातातली छडी अजून दिसते मला.

कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि चिमटे होते तसेच ठेवलेत. ओले छाप आता त्यांवर लटकतात. आपल्या दातांच्या डॉक्टरांना म्हटलं, छाप नीट पिळून घातलात का, कोपऱ्यातून गळतोय. दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी. आपली छापायची जुनी प्रेस दारातून शिरेना. नळवाल्यानं चौकट काढली तरी अडकलीच. मी म्हटलं, आडवी करा, मीसुद्धा आडवीच शिरते कुठंही. सगळे हसायला लागले आणि प्रेस पडता पडता राहिली.

मेलेल्या ठशांनाही कपाट मिळालं. बाईंचा नियम इथंही आहेच. ठरलेल्या प्रती निघाल्या की ज्यानं कोरला त्यानंच सगळ्यांसमोर ठशावर आडवी रेघ मारायची, म्हणजे पुन्हा कुणी त्यातून छापू नये.

खिडकीपाशी तुमची खुर्ची ठेवलीय. नळवाला बसायला गेला, त्याला म्हटलं, ऊठ, ती नणंदेची आहे, नणंदेच्या जागी बसलं की काय होतं ते मला विचार.

तुम्ही मात्र नातवंडांच्या नावाखाली पळालात. शेवटी शेवटी काय नाचायच्या हो तुमच्या रेघा! समुद्र कोरायला घेतलात आणि डोंगर निघाले. कपातला चहा बशीत, बशीतला माझ्या कागदावर. चहा कमी करा जरा.

मी एक गंमत कोरतेय. आत्ता सांगणार नाही.

तुमच्या दादांनी तुमच्या गळ्यात बांधून ठेवलेली,
वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

हे अक्षर सूनबाईचं आहे, दचकू नकोस. माझ्या चष्म्याची काडी मोडलीय. मी सांगतेय, ती लिहितेय.

लॉन्ड्री म्हणजे उजेड चांगला असणार. उजेड डावीकडून येतो की उजवीकडून, ते तू लिहिलं नाहीस. सगळं लिहिलंस, कामाचं तेवढं विसरलीस. प्रेस भिंतीला टेकवून ठेवू नका म्हणावं, ओल धरेल. डॉक्टरना फार छळू नकोस. दाढ दुखली की त्यांच्याच दारात जायचंय तुला.

खुर्ची ठेवलीस ते...

सूनबाई विचारतेय, आई, थांबलात का? लिही म्हटलं, काही नाही.

माझ्या रेघांचं पुराण आता बंद कर. वय झालं की हात हलतो थोडा, त्यात एवढं काय? उद्घाटनाला जमलं तर येईन. मुलगा गाडी काढतो म्हणालाय. कुणाला बोलू नकोस, नाही जमलं तर उगाच वाट बघतील.

तळघराचा वास अजून नाकात असलेली,
तुझी नणंद


२६ फेब्रुवारी

वन्सं,

काडी मोडली असेल तर चष्मा दोऱ्यानं कानाला बांधा, पण सोबतचा कागद आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सूनबाईला नंतर दाखवा.

बघितलात? ओळखलंत ना स्वतःला? नाव आहे ‘भूकंप’. तुम्ही ठशावर वाकलाय, कोरणी टेबलावर पडलीय, आणि तुमच्यापासून थरथर अशी पसरत गेलीय की टेबल हलतंय, दिवा झुलतोय, कप बशी सोडून उडालाय आणि मागं डॉक्टर जीव वाचवायला टेबलाखाली शिरलेत. ती थरथर एकेक रेघ करून कोरलीय मी, बोटं सोलवटली. पहिला छाप निघाला तेव्हा नळवाला हसून हसून जमिनीवर बसला. मास्तरीणबाईंचे दात आजवर एकट्या डॉक्टरांनी बघितले होते, ते परवा सगळ्यांनी बघितले!

आणि ऐका, उद्घाटनाच्या कार्डावरही हेच छापायचं ठरलं. सगळीकडे वाटलं. शिंप्याच्या काचेत लावलंय, वाचनालयात लावलंय, तुम्ही नोकरीला होतात त्या पोस्टातही मी स्वतः जाऊन दिलं. खिडकीवरच्या बायका म्हणाल्या, अय्या, ह्या तर आपल्या! ठरलेल्या प्रती कधीच संपल्या, पण मागणी एवढी की मी ठशावर रेघच मारली नाही अजून. बाई डोळे वटारतात, मी दुसरीकडे बघते.

आता यायचंच. मी दारात उभी राहून सांगणार, या बघा, याच त्या भूकंपवाल्या.

फुशारून फुगलेली,
वहिनी


१२ मार्च

वन्सं,

आला नाहीत.

रविवारी गॅलरी भरून गेली होती. माणसं फुटपाथवर उभी होती कप घेऊन. नळवाल्यानं शर्टला इस्त्री केली होती, म्हणून कुणी त्याला ओळखलंच नाही. मास्तरीणबाई चार वाक्यं बोलल्या आणि त्यातल्या दोन वाक्यांत आम्हाला रागावल्या. दारातून शिरलं की समोरच्या भिंतीवर तुम्ही. तिथंच सगळे थांबायचे. ज्यांनी तुम्हाला बघितलेलं नव्हतं, त्यांना गंमत कळावी म्हणून मी भरलेला कप घेऊन तुमची नक्कल करून दाखवली. पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा, करत होते. निम्मा चहा माझ्याच अंगावर.

पोस्टातली तुमची ती उंच मैत्रीण आली होती. चित्रासमोर उभी राहिली, एकदाही हसली नाही आणि चहा न घेता गेली. मी म्हटलं, काहींना देवानं उंची दिली की बाकीचं द्यायचं राहून जातं.

दार वाजलं की माझी मान वळायची. एकदा तर रस्त्यापलीकडे तुमच्या मुलाची असते तशी गाडी दिसली. म्हटलं आलात. मग कुणीतरी मध्ये आलं आणि परत बघितलं तर नव्हती.

छापाबद्दलही एक अक्षर नाही तुमचं. रुसलात का? नाक जरा मोठं झालंय, कबूल. पण ते तुमच्या घराण्याचंच आहे, तुमच्या दादांचंही तसंच होतं. लिहा हो काहीतरी. शिव्या लिहा.

वाट बघणारी,
वहिनी


२१ मार्च

वहिनी,

हे अक्षर माझं आहे. मध्येच ओळ घसरेल, वाचून घे. एका बैठकीत झालेलं नाही.

चष्मा धड आहे. काडी कधी मोडलीच नव्हती.

ती गाडी माझ्याच मुलाची होती. मी आले होते. मुलाला म्हटलं पलीकडे थांबव, मी चालत जाते, गाडीतून उतरवून दिलेली दिसायला नको. रस्ता ओलांडायला उभी राहिले आणि काचेतून तू दिसलीस. हातात कप होता. तो तू हलवत होतीस आणि सगळे हसत होते. तू फार चांगली नक्कल करतेस, लहानपणापासून करत असशील. खांदा कसा चढतो तेसुद्धा तू बरोबर घेतलंस. मला आजवर माहीत नव्हतं की माझा खांदा चढतो.

मी परत गाडीत बसले. मुलानं गाडी वळवली. त्यालाही काचेतून दिसलं होतं.

मला पार्किन्सन आहे. मागच्या वर्षीच सांगितलं मेंदूच्या डॉक्टरांनी. वाढत जाणार. नातवंडांसाठी गेले हे खोटं. कोरणी धरवेना म्हणून गेले. तुमच्या सगळ्यांसमोर हातातून पडण्याआधी जावं म्हटलं.

तुला माहीत नव्हतं, तर हसलीस ते समजू शकते. पण तुझा छाप मी नीट बघितला. एकदा नाही. त्यात माझा डावा हात टेबलाखाली उजवं मनगट आवळून धरतोय. ते मी कुणाला दिसू नये म्हणून टेबलाखाली करत होते. छापताना डावं-उजवं उलटतं, म्हणून तू ते आधी उलट कोरलंस, कागदावर बरोबर यावं म्हणून. तू धांदरट आहेस, एवढं सांभाळून तू आजवर काही कोरलं नाहीस.

म्हणजे तुला दिसलं होतं. दिसलं, आणि तुला त्यात गंमत वाटली?

एवढंच विचारायचं होतं.


२५ मार्च

वन्सं,

कप आत ठेवून दिला. तोच, नक्कल केलेला. समोर नको झाला. पण कप ठेवून काय होतंय, हात तर माझाच आहे.

तुम्ही विचारलंय, तर सांगते. थंडीचे दिवस होते. मास्तरीणबाई कुणाचा तरी छाप उजेडात धरून दाखवत होत्या, सगळे तिकडे बघत होते. माझी कोरणी खाली पडली म्हणून मी वाकले, आणि टेबलाखाली तुमचे हात दिसले. गर्दीत पोर निसटू नये म्हणून त्याचं मनगट धरतात ना, तसं धरलं होतंत. मला कळलं. आजाराचं नाव नाही कळलं, पण हे चहाचं काम नाही एवढं कळलं.

विचारायला हवं होतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं, आणि मग मला ते माहीत झालं असतं. तुमच्या दादांच्या वेळी सगळं माहीत असायचं मला. औषधं, रिपोर्ट, पुढं काय होणार ते. पुन्हा त्यातलं काही नको होतं. ज्याला भ्याले त्याला वाकुल्या दाखवत सुटले, आणि वाकुल्या तुमच्या अंगावर आल्या. सुटका व्हावी म्हणून हे सांगत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेय. गंमत वाटली नव्हती, वन्सं. गंमत मी केली. ते जास्त वाईट आहे, मला माहितीय.

छाप भिंतीवरून काढला. जिथं जिथं कार्ड दिलं होतं तिथं मागायला गेले. शिंपी म्हणाला, राहू द्या की आजी, गिऱ्हाईकं हसतात. म्हटलं, म्हणूनच द्या. का, म्हणाला. आता का ते कसं सांगू? तुमचं दुखणं चारचौघांत सांगायचा हक्क मला कुठला?  मग म्हटलं, माझं चित्र चुकलंय. तो म्हणाला, छे, अगदी हुबेहूब आहे.  कार्ड घेतलं आणि निघाले.

पोस्टातही गेले. तुमच्या मैत्रिणीनं कार्ड त्याच दिवशी फाडलं होतं. खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या माणसाला म्हणाली, या. पुढचा माणूस नव्हताच.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मंडळ जमेल. तेव्हा सगळ्यांसमोर ठशावर रेघ मारते. नियम आहे, ज्यानं कोरला त्यानं मारायची.

तुमच्यासमोर यायचं तोंड नाही, म्हणून कागदावर,
वहिनी


३० मार्च

वहिनी,

लिहिणारी सूनबाई आहे, सांगणारी मी.

रेघ मारू नकोस. ठसा इकडे पाठव. सोबत माझी जाड मुठीची कोरणी पाठव, पेटीत खाली असेल. नियम मलाही माहीत आहे. या वेळी मोडेल, बाईंना तसं सांग.

आणि मला काय झालंय ते मंडळाला सांगायचं. तूच सांगायचं. एकही विनोद न करता.


७ एप्रिल

वन्सं,

ठसा पाठवतेय. तुमच्या दादांच्या मफलरमध्ये गुंडाळलाय, दुसरं मऊ काही सापडलं नाही. कोरणीला धार लावून दिलीय नळवाल्यानं.

सांगितलं सगळ्यांना. उभी राहून सांगितलं. तोंड उघडलं तर आधी जिभेवर विनोदच आला, सवयीनं. गिळला.  सगळ्यांना वाटलं आता ही काहीतरी गमतीचं बोलणार. डॉक्टर तर आधीच हसून बसले होते. त्यांचा तो हसरा चेहरा माझं बोलणं संपेपर्यंत तसाच राहिला, कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मास्तरीणबाई म्हणाल्या, मीही हसले होते. एवढंच. मग त्या शाईची पाटी पुसत बसल्या, स्वच्छ होती तरी.

तुमच्या खुर्चीकडे कुणी बघत नव्हतं.

वहिनी


२१ एप्रिल

वहिनी,

ठसा परत पाठवतेय. मफलर ठेवून घेतलाय, मागू नकोस.

छाप एकच काढ.


२८ एप्रिल

वन्सं,

काढला. सगळ्यांसमोर, एकच.  शाई मी लावली, कागद बाईंनी ठेवला, प्रेसचं चाक डॉक्टरांनी फिरवलं, आणि कागद उचलायची वेळ आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझाच ठसा ना.

काळ्यावर पांढरी रेघ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. टेबलावरून, कपावरून, डॉक्टरांवरून, तुमच्यावरून.

 वन्सं, माझी थरथर सगळी खोटी आहे. एकसारखी. दुलईवर टाके घालावेत तशी, मोजून मापून, नागमोडी. तुमची रेघ तशी नाहीच. ती बराच वेळ सरळ जाते, अगदी सरळ. मग एकदम फेकली जाते. तिथं तुम्ही थांबलाय, ते दिसतं, लिनोत खड्डा पडलाय खोल. मग परत तिथूनच धरलीय, सोडलेल्या जागेवरूनच. असं किती ठिकाणी. टेबलाखालच्या त्या हातांपाशी आल्यावर तर ती कुठंच हललेली नाही. तिथं तुम्ही किती दम धरला असेल?

आणि मी कप हलवून दाखवत होते.

नळवाला म्हणाला, ही रेघ कुणाची, भारी आहे. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

बाई म्हणाल्या, हा समोरच्या भिंतीवर लावू, त्याच जागी. मी म्हटलं, विचारल्याशिवाय आता काही लावायचं नाही. मग खाली सही करायला पेन्सिल दिली त्यांनी. कागदाला टोक टेकवलं आणि उचललं. माझं त्यात आहे ते पुसायच्या लायकीचं आहे. बघण्यासारखं आहे ते तुमचं.

छाप पाठवतेय. सोबत पेन्सिल. सही करायची की फाडून टाकायचा, तुमचं तुम्ही ठरवा. खिळा भिंतीत तसाच आहे. लोक विचारतात इथं काय होतं. मी सांगते, माझी लाज होती. ते हसतात. त्यांना वाटतं, मी गंमत करतेय. इतकी वर्षं गंमतच केली, आता खरं बोलले तरी कुणाला पटत नाही.

ठसा कपाटात ठेवला, मेलेल्यांत.

वहिनी


९ मे

वहिनी,

अक्षर माझंच. थोडक्यात लिहिते, दमते.

सही केली. वाकडी आलीय, पण माझी आहे. सूनबाई म्हणाली, आई, पुसून परत करा. म्हटलं, राहू दे. लावा भिंतीवर. खाली नाव माझं. तुझंही लिही, पण माझ्या खाली आणि बारीक.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. ते अजून झालेलं नाही, होईल तेव्हा कळवीन. मला ती काच रोज दिसते.

पण खुर्ची रिकामी ठेवलीस, आणि उजेड कुठल्या बाजूनं येतो ते तू अजूनही सांगितलं नाहीस. म्हणून रविवारी बघायला येतेय. गाडी दारातच थांबेल, या वेळी पलीकडे नाही. दारात उभी राहून कुणाला माझी ओळख करून देऊ नकोस. धरायला हातही पुढे करू नकोस. मी आत येईन तेव्हा तू आपलं काम करत राहा.

चहा दे. कप अर्धाच भर. सांडला तर पुसायचं तुझ्याकडे, आणि पुसताना गप्प राहायचं, जमलं तर.

तुझी नणंद